कोतवाल बुकातून गावाचा मृत्यू-इतिहास कसा काढावा

विदर्भातल्या बऱ्याच तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकांचे, म्हणजे गावच्या कोतवालाने ठाण्यात दिलेल्या जन्म-मृत्यूच्या वर्दीच्या जुन्या वह्यांचे, गठ्ठे आहेत. लोकांना ते आठवतात जात पडताळणीच्या वेळी. पणजोबाच्या नावापुढे जातीचा रकाना सापडला की नक्कल घेतली जाते आणि गठ्ठा पुन्हा कपड्यात बांधला जातो. त्याच पानावर त्या गावात कोण, कधी, कोणत्या वयात, कशाने गेले हेही लिहिलेले असते. छप्पन्नचा दुष्काळ (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००), प्लेग, पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथी, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझा) हे सगळे गावाच्या पातळीवर पाहता येईल असे दुसरे साधन क्वचितच मिळते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की धरावी. या वहीत मेलेल्यांची मोजणी नाही, ठाण्यापर्यंत पोचलेल्या वर्दीची मोजणी आहे. म्हणून आधी वही तपासायची आणि मग वाचायची. हा क्रम उलटला की जे गाव आळशी कोतवालाचे ते निरोगी ठरते आणि जिथला कोतवाल चोख ते रोगट.

गाव कोणत्या बाजूचे

आजचा विदर्भ त्या काळी दोन वेगळ्या कारभारांखाली होता. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असले तरी नावाला निजामाचे होते. १९०२ च्या करारानंतर ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. तिथे जमीन रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) आणि गावकामगार म्हणजे पाटील-पटवारी. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरत असे. जन्म-मृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यात नेई, वही त्याच्या नावाने ओळखली जाई. वऱ्हाडात हे काम मुख्यतः पोलीस पाटलाकडे होते, त्यामुळे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ भागात ‘कोतवाल बुक’ मागितले तर कारकून नाही म्हणू शकतो आणि तीच नोंद ‘जन्म-मृत्यू रजिस्टर’ किंवा ‘गाव नमुना नंबर १४’ या नावाने दुसऱ्या कपाटात असते. दोन्ही नावे अर्जात लिहावीत.

जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. १९०५ मध्ये एलिचपूर (अचलपूर) जिल्हा अमरावतीत आणि बाशीम (वाशीम) अकोल्यात विलीन झाला, वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पुढे गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. नव्या तालुक्यांची गोष्ट तर विचारूच नका. वही नेहमीच नव्या कार्यालयात हललेली नसते. तेव्हा गावाचा आजचा तालुका कोणता, यापेक्षा १९११ साली ते कोणत्या तहसिलीत आणि कोणत्या ठाण्याखाली होते हे आधी शोधावे. त्या काळच्या जनगणनेच्या गावयाद्या, बंदोबस्ताची (जमीन मोजणी व सारा ठरवण्याची) मिसल आणि जिल्हा गॅझेटियर यांतून ते कळते. बुद्रुक-खुर्द, एकाच नावाची दोन गावे, रिठी (ओसाड) झालेले मौजे यांची गल्लत इथेच निस्तरावी. मौजाचा बंदोबस्त क्रमांक हाती असला की पुढचा घोळ टळतो.

अर्ज आणि शोध

अर्ज तहसीलदारांच्या नावे, कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यावा. त्यात मौजा, जुने व नवे तहसील, ठाणे, पटवारी हलका, वर्षे आणि ‘अवलोकन व छायाचित्रण’ असा स्पष्ट उल्लेख असावा. फक्त ‘नक्कल’ मागितली तर एका व्यक्तीच्या नोंदीची नक्कल मिळते, संपूर्ण वही पाहायला मिळत नाही. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करता येतो, मुदत ३० दिवसांची असते. आधी तोंडी बोलून, अभिलेखपालाला कामाचा हेतू समजावून सांगितला तर बहुतेक वेळा या टोकाला जावे लागत नाही. ‘कोणाच्या व्हॅलिडिटीसाठी (जात पडताळणीसाठी)?’ हा पहिला प्रश्न ठरलेला आहे. त्याचे एका वाक्यातले उत्तर तयार ठेवावे.

मागणी वर्षांच्या सलग तुकड्याची करावी. एकटे १९१८ काढून उपयोग नाही, कारण साधारण वर्ष कसे असते हे कळल्याशिवाय वाईट वर्ष कळत नाही. कमीत कमी १९०८ ते १९२१ हा तुकडा घ्यावा. मधली दोन-तीन वर्षे वाळवीने खाल्लेली निघतील हे धरूनच चालावे. गावची वही नसेल तर ठाण्याच्या एकत्रित पंजीची चौकशी करावी. प्रांताच्या आणि जिल्ह्याच्या बेरजा आरोग्य खात्याच्या छापील वार्षिक अहवालांत मिळतात. त्यांच्यासाठी नागपूरचे पुराभिलेखागार आणि तिथली जुनी ग्रंथालये पाहावीत.

वही हाताळताना

त्या काळची शाई बहुधा लोहयुक्त असते, ती कागद खाते. ओळ जिथे गडद आहे तिथेच पान तुटते. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, सेलोटेप लावू नये, ओलसर वही उन्हात वाळवू नये. पान चिकटलेले असेल तर ओढू नये, तेवढे सोडून पुढे जावे आणि तक्त्यात ‘पान चिकटलेले’ अशी नोंद करावी. पुठ्ठा सुटत असेल तर वही टेबलावर पूर्ण उघडू नये. दोन्ही बाजूंना दुसरे गठ्ठे टेकू म्हणून ठेवून अर्धीच उघडावी.

फोटो मोबाइलने काढले तरी चालतात. फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यावा, मोबाइल पानाला समांतर धरावा. सुरुवात मुखपृष्ठापासून करावी, कारण मौजा, ठाणे आणि वर्ष बहुधा तिथेच असते आणि आतल्या पानांवर नसते. कोरी पानेही टिपावीत. कोरे पान हा पुढे पुरावा ठरतो. फाइलला लगेच ‘मौजा-वर्ष-पान’ असे नाव द्यावे. घरी गेल्यावर नावे देऊ म्हटले की दोन गावांची पाने मिसळलीच म्हणून समजा. एकाने पान उलटायचे, दुसऱ्याने टिपायचे, अशी जोडी असली की काम निम्म्या वेळात होते.

ओळ कशी वाचायची

रकाने गावोगाव थोडे बदलतात. साधारणपणे अनुक्रमांक, वर्दीची तारीख, मृत्यूची तारीख, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, स्त्री-पुरुष, वय, रोग आणि शेरा असतात. जुन्या वह्या मोडीत, काही बाळबोधीत, भंडारा-गोंदिया आणि मध्य प्रदेशाच्या सीमेकडच्या काही हिंदीत. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून पहिल्या दिवशी नावे वाचायला जाऊ नये. रोगाचा रकाना आधी घ्यावा. तिथे पंधरा-वीस शब्दच फिरून फिरून येतात, त्यावरून लिहिणाऱ्याच्या अक्षराचे वळण कळते. मग जातींची नावे, आणि शेवटी माणसांची.

नात्याचे शब्द ओळखून ठेवावेत. ‘नामा वल्द गोविंदा’ किंवा ‘नामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा नामा. ‘जौजे’, ‘कोम’ किंवा ‘भ्र.’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘बेवा’ म्हणजे विधवा. तान्ह्या मुलांना नाव नसतेच, ‘मुलगा’, ‘पोरगी’, ‘बेनाव’ एवढेच असते. त्या ओळी नाव नाही म्हणून वगळणे हा सगळ्यात महागात पडणारा चुकारपणा, कारण गावातले सर्वाधिक मृत्यू त्याच ओळींत आहेत.

वयाच्या रकान्यात जास्त फसगत होते. जुन्या पद्धतीत दंडांनी अपूर्णांक लिहीत: एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ‘१॥’ हे दीड वर्ष आहे, अकरा किंवा एकशे अकरा नव्हे. तान्ह्या पोराचा असा आकडा म्हाताऱ्याच्या वयात गेला की बालमृत्यू कमी आणि आयुर्मान भलतेच वाढलेले दिसते. घाईच्या अक्षरात १ आणि ९, तसेच ३ आणि ६ एकमेकांसारखे होतात. शंका आली तर त्याच पानावरच्या तारखेतला तोच आकडा शोधून ताडून पाहावा. ‘म.’ म्हणजे महिने की ‘मयत’ हे रकान्यावरून ठरवावे.

सन बहुतेक ठिकाणी इसवी आहे. कुठे फसली सन (जुने महसुली वर्ष) आढळला तर जपावे. वऱ्हाडाकडच्या दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण उत्तरेकडच्या फसलीत ५९२ मिळवावे लागतात. वर्ष जानेवारीत बदलत नसल्याने फसलीचे एक वर्ष इसवीच्या दोन वर्षांत पसरते. तिथी लिहिलेली असेल आणि लिहिणारा हिंदी वळणाचा असेल तर कृष्ण पक्षाला पुढच्या महिन्याचे नाव मिळालेले असू शकते. आपला आश्विन वद्य तो त्याचा कार्तिक.

तक्ता बांधताना

संगणकावर किंवा कागदाच्या तावावर, कुठेही करा, पण एका मृत्यूला एक ओळ. रोगासाठी दोन रकाने ठेवावेत: एकात वहीतला शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात आपला गट. ‘ताप’ लिहिलेले असताना मनाने ‘मलेरिया’ लिहिले की तक्ता कायमचा नासला, कारण पुढच्या वाचणाऱ्याला मूळ शब्द परत मिळत नाही. वयाचेही तसेच, मूळ आणि वाचलेले वेगळे ठेवावे. ज्या अक्षराची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकावे. शक्य असेल तर दहावा हिस्सा ओळी दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्याव्यात. दोघांच्या वाचनात शंभरात पाचापेक्षा जास्त ओळींत फरक निघाला तर अक्षराचा सराव अजून झालेला नाही.

जन्माची वहीही त्याच वेळी उतरवावी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. पण जन्माशिवाय बालमृत्यूचा दर निघत नाही आणि वहीची परीक्षाही होत नाही.

वहीची परीक्षा

आता तारखा महिन्यांप्रमाणे मांडा. एखाद्या वर्षी सलग तीन महिने एकही मृत्यू नसेल आणि गाव पाचशे-सातशेचे असेल, तर गाव मरणापासून वाचले असे नव्हे, वर्दी चुकली. तशा महिन्यांना शून्य न लिहिता ‘नोंद नाही’ लिहावे.

मग आठवड्याचा वार काढा. बहुतेक मृत्यू एकाच वारी झालेले दिसले, तर तो ठाण्याचा किंवा बाजाराचा दिवस आहे. कोतवाल ठराविक दिवशी, आठवड्याने किंवा पंधरवड्याने, ठाण्याला जाई आणि मधल्या सगळ्या वर्दी एकदम लिहिल्या जात. कोतवाल बहुधा महार समाजाचा आणि त्या काळी अक्षर ओळख नसलेला; तोंडी सांगे, आणि पाटील, पटवारी, शाळेचा मास्तर किंवा ठाण्यातला मुहर्रिर (कारकून) लिहून घेई. अशा वहीतून महिना काढता येतो, दिवस नाही. पटकीची साथ कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली हे त्यावरून सांगायला जाऊ नये.

तिसरी कसोटी मुला-मुलींच्या जन्माची. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. दहा वर्षांची बेरीज घेऊन हा आकडा १२० च्या पुढे गेला, तर मुलींचे जन्म लिहिले गेलेले नाहीत आणि मुलींचे मृत्यूही सुटले असणार. एका वर्षाच्या आकड्यावर हे ठरवू नये. वीस जन्मांत बारा-आठ सहज होते.

चौथी कसोटी, आणि आमच्या मते सर्वांत बोलकी, तान्ह्या मुलांची. एक वर्षाच्या आतले मृत्यू भागिले त्याच वर्षीचे जन्म, गुणिले हजार. त्या काळी २०० ते ३०० हा अपेक्षित आकडा आहे. ८० किंवा १०० आला तर आनंद मानू नका, वहीत तान्ही मुले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या आठवड्यात गेलेले मूल जन्मातही येत नसे आणि मृत्यूतही नाही. उलट काही लिहिणारे उपजत मेलेली मुले मृत्यूत धरत. शेऱ्यात ‘उपजत’ किंवा ‘मेलेले जन्मले’ असेल तर त्या ओळी वेगळ्या काढाव्यात. वही बरी असेल तर पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या आसपास एक उंचवटा दिसतो. रोगाच्या रकान्यात ‘झटके’, ‘आकडी’, ‘धनुर्वात’ असते किंवा सटवीचे नाव असते. नाळ कापण्याच्या विळ्यातून किंवा नाळेला लावलेल्या राखेतून झालेला धनुर्वात याच दिवसांत मारतो. तो उंचवटा दिसणे हे वही खरी असल्याचे उत्तम लक्षण आहे, कारण खोट्या नोंदी करणाऱ्याला तो सुचत नाही.

प्रौढांची वये ३०, ४०, ५०, ६० वर साचलेली असतीलच. ते अंदाजाने सांगितलेले वय आहे. म्हणून गट दहा वर्षांचे करावेत आणि साचलेला आकडा मध्यभागी येईल असे, म्हणजे २५ ते ३४, ३५ ते ४४, या पद्धतीने.

जाता जाता: याच वह्यांत मागाहून घुसडलेल्या ओळीही आढळतात, कारण जातीच्या दाखल्याला त्यांची किंमत आहे. शाई वेगळी, अनुक्रमांक दोनदा, ओळींच्या मधल्या फटीत बारीक अक्षर, असे दिसले की ती ओळ मोजणीतून बाजूला ठेवावी. काही खोडू नये. निर्णय देणे आपले काम नव्हे.

दर काढणे

छेद, म्हणजे ज्याने भागायचे ती लोकसंख्या, जनगणनेतून घ्यायचा. १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१ या तारखांची गावनिहाय लोकसंख्या मिळते. सरकारी अहवाल दर काढताना मागच्याच जनगणनेचा आकडा धरत, म्हणून १९१८ चे छापील दर १९११ च्या लोकसंख्येवर आहेत. त्यांच्याशी तुलना करायची तर आपणही तोच छेद घ्यावा.

नमुन्यादाखल एक काल्पनिक मौजा घेऊ. १९११ ची वस्ती ६४०. १९०८ ते १९१७ या दहा वर्षांत सरासरी २२ मृत्यू. २२ भागिले ६४०, गुणिले १,००० म्हणजे हजारी ३४. त्या काळी या भागात हजारी ३५ ते ४५ हे साधारण वर्ष समजावे, तेव्हा वही बरी पण थोडी गळकी आहे. १९१८ मध्ये ६१ मृत्यू, म्हणजे हजारी ९५. नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू ३९, हजारी ६१.

एवढ्याशा गावात आकडा आपोआपही वरखाली होतो. ढोबळ नियम असा: सरासरीचे वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे वरखाली सोडा. २२ चे वर्गमूळ ४.७, दुप्पट ९.४. म्हणजे १३ ते ३१ मृत्यूंचे कोणतेही वर्ष नेहमीचेच. ‘अमुक साली २८ गेले, साथ असावी’ हे विधान एवढ्यावर टिकत नाही. ६१ ची गोष्ट निराळी. लहान मौजे असतील तर एका ठाण्याखालची आठ-दहा गावे एकत्र करावीत.

आता ताळा. मार्च १९११ ची वस्ती ६४०, पुढच्या दहा वर्षांत वहीतले जन्म २४५, मृत्यू २७०. हिशेबाने १९२१ ला ६१५ माणसे हवीत. जनगणनेत ५९० निघाली तर २५ चा फरक राहतो. ते एकतर गाव सोडून गेले किंवा त्यांचे मरण वहीत आले नाही. धानपट्ट्यातून कापसाच्या मुलखाकडे मजूर जात, त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या गावात असा फरक स्थलांतराचाही असतो. जिनिंग-प्रेसिंग असलेल्या कापसाच्या कसब्यात उलटे होते: वस्ती हिशेबापेक्षा जास्त भरते. ताळा जुळला तर वही पक्की, असे मात्र समजू नये. जन्मलेले आणि आठवड्यात गेलेले मूल दोन्हीकडून सुटले तरी ताळा जुळतोच.

रोगाचा रकाना

सरकारी नमुन्यात पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, अपघात-जखमा आणि इतर असे मोजके गट असत. निम्म्याहून अधिक ओळींत ‘ताप’ असतो. त्यात हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय, बाळंतज्वर सगळे आले. सांगणारा कोतवाल, लिहिणारा पटवारी. डॉक्टरने पाहिलेला मृत्यू विरळाच. म्हणून नावावर कमी आणि महिना-वय या जोडीवर जास्त विश्वास ठेवावा.

डोळ्यांना दिसणाऱ्या रोगांची नोंद बऱ्यापैकी खरी असते. देवीचे व्रण कुणालाही ओळखता येत, म्हणून ‘देवी’, ‘माता’ या नोंदी विश्वासार्ह. त्या फाल्गुन-चैत्र-वैशाखात वाढतात आणि मुख्यतः दहा वर्षांखालच्या मुलांच्या असतात, कारण मोठी माणसे आधीच देवी निघून किंवा टोचून घेऊन सुटलेली. पटकीचेही तसेच. ‘पटकी’, ‘मरी’, ‘जरीमरी’, ‘वाखा’, ‘हैजा’, ‘ओक-हगवण’ हे सगळे एका गटात घालावेत, पण एकटी सुटी नोंद धरू नये. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटते तेव्हापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत, काही आठवड्यांत, सर्व वयांचे मृत्यू एकदम आले तर ती पटकी. वर्षभर एक-एक करून विखुरलेली ‘हगवण’ वेगळी, तिच्यात म्हातारी आणि दूध तुटलेली मुले जास्त.

प्लेग थंडीत चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. धान्याची कोठारे आणि कापसाची आवक असलेली गावे आधी सापडत. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून वावरात झोपड्या घालत, आणि घर उघडून धुण्या-जाळण्याच्या, माणसे वेगळी काढण्याच्या भीतीने प्लेगचा मृत्यू ‘ताप’ म्हणून सांगत. हिवाळ्यात एकाच महिन्यात मोठ्या माणसांच्या ‘तापा’ची रांग लागली असेल आणि शेजारच्या गावात ‘गाठ’ किंवा ‘पिलेग’ लिहिलेले असेल, तर शंका घ्यावी. तक्त्यात मात्र ‘ताप, प्लेगची शक्यता’ एवढेच.

पावसाळा सरल्यावर, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत चढणारा ताप हा बहुतांशी हिवताप. तलाव-बोड्यांच्या धानपट्ट्यात हा चढाव काळ्या मातीच्या वऱ्हाडापेक्षा ठळक दिसायला हवा. लहान मुलांच्या ओळींतला ‘डबा’ छातीच्या रोगात घालावा. ‘पान लागून’ म्हणजे साप चावून. ‘बाळंतपणात’, ‘बाळंतरोगाने’ या नोंदी वेगळ्या मोजाव्यात, आणि पंधरा ते चाळीस वयाच्या बायकांच्या ‘तापा’शेजारी त्याच आठवड्यात त्याच बापाच्या नावाने जन्म किंवा तान्ह्याचा मृत्यू आहे का हे पाहावे. जन्माची वही उतरवण्याचे कष्ट इथे फळाला येतात.

दोन वाईट वर्षे

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या सुमारे २८.९७ लाखांवरून १९०१ ला २७.५४ लाखांवर आली. पण गावच्या वहीत हे सगळे दिसेलच असे नाही. माणसे दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर मेली, तिथली नोंद तिथल्या ठाण्यात झाली. उलट रस्त्यावरच्या गावांच्या वहीत ‘परदेशी’, ‘फिरस्ता’, ‘बेवारस’ अशा ओळी वाढतात. त्या गावच्या दरात मिसळू नयेत, वेगळी बेरीज द्यावी. भूक हे कारण जवळपास कुठेच लिहिलेले नसते. ते ‘हगवण’ आणि ‘ताप’ यांच्या फुगलेल्या बेरजेत शोधावे लागते. पाऊस परतला त्या १९०० च्या पावसाळ्यातले महिने वेगळे पाहावेत, कारण उपाशी देहावर हिवताप आणि पटकी तेव्हा तुटून पडतात.

१९१८ ची मानमोडी मुंबईला जूनमध्ये आली, ती लाट सौम्य होती. मारणारी लाट सप्टेंबरनंतरची. मध्य प्रांत-वऱ्हाडात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिचे महिने, आणि हा प्रांत देशात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी. त्या वर्षी नोंदलेला मृत्यूदर इथे हजारी शंभराच्या घरात गेला. त्यातच पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. सरकारी नमुन्यात या रोगाला रकाना नव्हता, म्हणून तो ‘ताप’ आणि थोडा ‘श्वासाचे रोग’ यांत गेला. ओळखायचा तो वयावरून: एरवी वहीत तान्ही आणि म्हातारी माणसे भरलेली असतात, इथे वीस ते चाळीस या वयाची, त्यातही बायकांची, रांग लागते.

हेच वर्ष वहीत सर्वांत वाईट लिहिलेलेही असते, कारण कोतवाल आणि पाटीलही अंथरुणावर होते किंवा गेले. ऑक्टोबर कोरा, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या एकाच तारखेला एकाच शाईने चाळीस ओळी, असे दिसेल. कोतवालाचे स्वतःचे नाव त्या यादीत आहे का हे पाहावे. पुढच्या पानावर वर्दी देणाराचे नाव बदललेले असते.

या गळतीचा अंदाज घ्यायला दोन वाटा आहेत. पहिली, १९१९ चे जन्म. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये राहायला हवे होते ते गर्भ राहिले नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्ट १९१९ मध्ये जन्म घसरतात. मृत्यू कमी लिहिले असले तरी ही घसरण दिसते, कारण तोवर वही पुन्हा सुरळीत झालेली असते. मृत्यूची वाढ थोडी आणि जन्मांची घसरण निम्म्यावर, असे असेल तर मृत्यू सुटले आहेत. दुसरी वाट शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. ‘नाव कमी केल्याचे कारण’ या रकान्यात १९१८ च्या हिवाळ्यात ‘मयत’ किती, आणि पालकाचे नाव बापावरून काका-आज्यावर गेलेली मुले किती, हे मोजावे. ती नावे घेऊन परत मृत्यूच्या वहीत शोधावे. दहापैकी सहा सापडली तर वहीने सुमारे ६० टक्के धरले असे म्हणता येते. नावे थोडी आहेत हे सांगूनच हा आकडा द्यावा.

गावापुढे मांडताना

बेरजा, महिने, वयोगट आणि मूळ शब्द द्यावेत. नावे देऊ नयेत. शंभर वर्षे झाली तरी आत्महत्या, कुमारी मातेचे मूल, ‘बेवारस’ अशा ओळींवरून घर ओळखले जाते. जातनिहाय दर काढायचा मोह होतो, पण एका मौजात एका जातीची साठ-सत्तर माणसे असतात आणि तेवढ्यात मघाचा वर्गमूळाचा नियम सगळाच आकडा गिळून टाकतो. वीस-पंचवीस गावे एकत्र असतील तरच त्या वाटेला जावे, आणि तिथेही कोणत्या वस्तीची वर्दी कोतवालापर्यंत सहज पोचत होती हे आधी पाहावे. स्वतःच्या वस्तीतले मरण त्याला त्याच दिवशी कळे. दूरच्या टोल्यावरचे (वाडीवरचे), पोडावरचे (आदिवासी वस्तीवरचे) मरण बाजाराच्या दिवशी, कळले तर.

प्रत्येक तक्त्याखाली चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या वर्षांची कोणती पाने नव्हती, छेद कोणत्या जनगणनेचा, तारीख मृत्यूची की वर्दीची, आणि बालमृत्यूच्या कसोटीत वही कुठे बसली. फोटोंचा एक संच तहसील कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीला आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्यावा. देताना फाइलींच्या नावांची यादी छापून सोबत जोडावी, नाहीतर दोन वर्षांत तो पेन ड्राइव्ह कुणालाच उलगडत नाही.